परत घेतल्याची सही

नागझिऱ्याच्या अभयारण्याच्या गेटवर नोकरीला असताना बाबूजींनी एकदा स्वतःच्या जावयाला परत पाठवलं होतं. लग्नानंतर जावई पहिल्यांदाच सासुरवाडीला आलेला, सोबत दोन मित्र, गाडीत जोरजोरात गाणी. बाबूजींनी गाणी बंद करायला लावली, पिशव्या उघडायला लावल्या, त्यातून नको त्या बाटल्या निघाल्या, आणि मग त्यांनी गाडी उलटी फिरवायला सांगितली. जावई म्हणाला, "मामाजी, मी आहो ना!" बाबूजी रजिस्टरमध्ये लिहिता लिहिता म्हणाले, "हो ना जी, पाहून राहिलो. तुमचं नाव बरोबर लिहिलं आहे."

जावई दोन वर्षं फिरकला नाही. तिसऱ्या वर्षी आला तेव्हा बाबूजींनी त्याला दारातून हाताला धरून आत आणलं, पंगतीत सगळ्यांच्या आधी बसवलं आणि पहिलं वाढप स्वतः केलं. हा किस्सा त्यांनी मला तीनचारदा तरी ऐकवला असेल. मला दर वेळी गेटवरचा भाग आवडायचा. त्यांना दर वेळी पंगतीचा भाग सांगायचा असायचा, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

नवेगाव बांध या गावात आमच्या घरापासून चार घरं सोडून ते राहतात. वनखात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खाकी पँट काही सुटलेली नाही. बगलेत कॅलेंडरच्या कागदाचं वेष्टन घातलेलं रजिस्टर, त्याला दोऱ्यानं बांधलेलं पेन. आणि एक खोड अशी, की समोर येईल ते मोठ्यानं वाचायचं. लग्नपत्रिका, गोळ्यांचं पाकीट, बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर, सगळं. काकू म्हणायच्या, "यांच्या पायी मले शेजारच्यांची औषधं पाठ झाली." मी एकदा विचारलं, मनात का वाचत नाही? म्हणाले, "मनात वाचलं का मानूस आपल्या सोयीचं वाचते."

मी नागपूरला एका कंपनीत होतो. करोनाच्या टाळेबंदीत गावी आलो तो इथेच राहिलो; घरी बसून कंपनीचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात स्वतःचं. स्वतःचं म्हणजे एक मोबाइल ॲप. हिवाळ्यात गावच्या तलावावर उतरणाऱ्या पक्ष्यांची आम्ही काही मंडळी दरवर्षी गणना करतो, तिच्यासाठी मी ते लिहिलं होतं. जुन्या फोनवर चालणारं, नेटवर्क नसलं तरी नोंद जपून ठेवणारं. त्याचा कोड मी खुला ठेवला होता: कोणीही पाहावा, कोणीही दुरुस्त करावा, कोणीही फुकट वापरावा. हळूहळू केरळातले, आसामातले, एक तर थेट फिनलंडचा, असे लोक येऊन मिळाले. पगार कोणालाच नाही, सगळा हौसेचा मामला. आणि हौसेच्या मामल्यात माणसं जेवढी भांडतात तेवढी पगाराच्या कामात भांडत नाहीत.

भांडणारांत पहिला नंबर माझा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. चार ओळींत समोरच्याची सालटी काढता येते याचा मला चक्क अभिमान होता.

तर ज्या संकेतस्थळावर आमचा कोड होता, तिथे प्रकल्पाच्या पानावर एक यादी दिसायची. माहिती आहे, परवाना आहे, आचारसंहिता नाही. त्या 'नाही'पुढचा रिकामा गोल मला खुपायचा. एका संध्याकाळी मी कुठूनशी एक तयार आचारसंहिता उचलली, तिचं मराठी केलं आणि चहा निवायच्या आत पानावर चढवून दिली. गोल हिरवा झाला. तक्रारी ऐकायला तीन जणांची समिती लागत होती. एक मी, एक माझा नागपूरचा मित्र, आणि तिसरं नाव सुचेना म्हणून बाबूजी. त्यांना न विचारताच टाकलं. तक्रार करणार कोण आणि ऐकणार कोण!

आठ महिन्यांनी ते असेच ओसरीवर चहाला बसले होते तेव्हा मी गंमत म्हणून सांगितलं, की बाबूजी, तुम्ही आचारसंहिता समितीत आहात.

"निवडनूक लागली का?"

"नाही हो. सॉफ्टवेअरची आहे."

"सॉफ्टवेअरले कायले पायजे आचारसंहिता?"

"लोक भांडतात."

"मंग बरोबर आहे. वाचून दाखव."

मला वेळ नव्हता. मी त्यांना छापून दिली. आमच्या प्रकल्पावर तेव्हा चाळीसेक माणसं होती. त्यातल्या एकानंही ती पानं वाचली नव्हती, आणि ज्यानं चढवली त्यानं तर मुळीच नाही. बाबूजींनी ती दोन दिवस आपल्या अंगणात बसून मोठ्यानं वाचली. तिसऱ्या दिवशी सकाळी कागद हातात घेऊन आले.

"हे पाहा. 'कोणाशी गैरवर्तन झाल्यास येथे कळवावे.' पुढं कंसात लिहून आहे, 'येथे आपला संपर्क टाका'. हे कोनाले सांगून राहिले गा?"

मी पाहिलं आणि मला हसू फुटलं. तयार मसुद्यात ती जागा भरायची असते. आपला पत्ता लिहायचा आणि सूचना खोडायची. मी सूचनेचंसुद्धा मराठी करून ठेवलं होतं. आमच्या धंद्यात ही चूक इतकी नेहमीची आहे, की कितीतरी प्रकल्पांच्या पानांवर ती सूचना वर्षानुवर्षं तशीच बसलेली असते.

बाबूजी हसले नाहीत. "म्हंजे आठ महिने गेट उघडं, पाटी लावून आहे, आणि चौकीत मानूसच नाही," ते म्हणाले. आणि त्यांनी मला तिथल्या तिथे स्वतःचा फोन नंबर टाकायला लावला.

चौथ्या दिवशी त्यांना पहिला फोन आला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या दरेकशाहून, एका मुलीचा.

ती मुलगी मला नावानं माहीत होती. वडील जंगलात मजुरीला जात, हिनं गोंदियाला बी.एस्सी. केलं आणि कोड लिहायला ती मोबाइलवरच शिकली. घरात कॉम्प्युटर नव्हता. आमच्या ॲपसाठी तिनं एक दुरुस्ती पाठवली होती, मी तिला उत्तर दिलं होतं, आणि त्यानंतर ती दिसली नव्हती. गेली असेल कंटाळून, अशी मी समजूत करून घेतली होती. तिनं बाबूजींना सांगितलं ते त्यांनी मला शब्दाला शब्द ऐकवलं: "मी दर महिन्याले ते पान उघडून पाहत होती. कोनाचा नंबर आला का म्हनून."

तक्रार माझ्यावर होती. मी समितीत, म्हणून मी मोठ्या उदारपणे म्हणालो, की चला बसून चर्चा करू. बाबूजींनी कागद काढला. "ज्याच्यावर तक्रार आहे तो बाहेर बसन. हे तूच लिहिलं आहेस." मी लिहिलं नव्हतं, नुसतं उतरवलं होतं, पण ते सांगायची सोय नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी मला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेलं. तिथे ते मांडी घालून दोन दोन तास बसत. समोर मासे धरून आलेल्या ढिवरांचे डोंगे काठाला लागत होते. बाबूजींनी खिशातून घडी काढली. माझंच उत्तर होतं, त्यांनी कुठूनतरी छापून आणलेलं.

"मोठ्यानं वाच."

मी वाचायला लागलो. "हा कोड आहे की उकिरडा?" हे मी जरा झोकातच वाचलं, लिहिताना मजा आलेली आठवत होती. "आधी शिकून या, इथे बालवाडी चालत नाही." आवाज थोडा उतरला. पुढचं वाक्य होतं, "ज्यांच्याकडे साधा कॉम्प्युटर नाही त्यांनी पक्षी मोजावेत, कोड आम्ही लिहू." मी 'साधा'पर्यंत आलो आणि थांबलो. डोंग्यातले दोघं जाळी उतरवता उतरवता ऐकत होते. बाबूजी तलावाकडे पाहत होते. मी ते वाक्य पुरं केलं नाही. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून फार राग आला.

"एक महिना," ते म्हणाले. "किल्ल्या नागपूरच्या पोराकडे दे. एक महिना तू बाहेर."

"बाबूजी, पंधरा दिवसांवर गणना आहे."

"माहीत आहे मले."

"ॲप बिघडलं तर कोण दुरुस्त करणार?"

"ते पाहू."

मग माझं डोकं फिरलं. म्हणालो, तुम्हाला कोडमधलं काय कळतं? नाव मी टाकलं म्हणून तुम्ही समितीत, नाहीतर तुम्हाला विचारतो कोण? असं बरंच बोललो. बाबूजी ताडकन उठले. "चूप बे, शिकलेल्या गाढवा! तुझ्या बापानं बांधला का हा तलाव?" आवाज असा चढला, की काठावरची अडई बदकं उडाली. ते तडातडा चालत घरी गेले. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हातारा चिडला, म्हणजे आपला नेम लागला.

मी नागपूरच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, नियमात आहे ते आहे. मी किल्ल्या, म्हणजे प्रकल्पाचे पासवर्ड, त्याला देऊन टाकल्या.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. दुसऱ्या दिवसापासून बाबूजींचा फोन बंद. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी मी न राहवून घरी गेलो. ते अंगणात तुरी निवडत बसले होते. प्रकल्पाचं काही काढलं की ते हवापाण्यावर जात. काकू दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मोबाइल तांदळाच्या कोठीत टाकून ठेवला आहे. विचारलं तर सांगत नाहीत." मी बरेच तर्क लढवले. फोन भिजला असेल. दरेकशाचा आणखी फोन नको असेल. माझी मनधरणी टाळायची असेल. नवव्या दिवशी फोन सुरू झाला आणि त्यांनी काहीच खुलासा केला नाही.

गणना माझ्या शिक्षेच्या महिन्यातच झाली. आणि ॲप बिघडलंच. नेटवर्क आलं-गेलं की प्रत्येक नोंद दोनदा पोचायला लागली. सकाळी सातला तलावावर होते त्याच्या दुप्पट पक्षी आमच्या यादीत. मला दोन ओळींची दुरुस्ती माहीत होती, पण बाहेर म्हणजे ती कोणाला सांगायचीसुद्धा बंदी. केरळवाल्यानं प्रयत्न केला, पण कोडच्या त्या भागात माझ्याशिवाय कोणी कधी शिरलं नव्हतं, कारण मी कोणाला शिरूच दिलं नव्हतं. मी पाळीवर वही-पेन्सिल घेऊन बसलो होतो. शेजारी बाबूजी. मी म्हणालो, "पाच मिनिटं किल्ल्या परत द्यायला सांगा फक्त." ते म्हणाले, "पक्षी मोज." दुर्बिणीतून पाहिलं तर जांभळ्या पाणकोंबड्या निवांत चरत होत्या. आम्ही सगळी गणना कागदावर केली, त्या नोंदी चढवता चढवता पुढचे कित्येक दिवस गेले, आणि आसामच्या मंडळींनी त्या वर्षी आमचं ॲप सोडलं. त्या दुपारी गणनेनंतरच्या जेवणासाठी न थांबता मी घरी निघून गेलो होतो.

महिना भरला त्या दिवशी बाबूजी रजिस्टर घेऊन आले. तक्रारींसाठी त्यांनी स्वतः रकाने आखले होते: तारीख, कोणाविरुद्ध, काय बोलले, कोणाला लागलं, शिक्षा. आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, जो माझ्या आचारसंहितेत कुठेच नव्हता: परत घेतल्याची सही.

"तुमच्या कागदात बाहेर काढायच्या चार पायऱ्या आहेत," ते म्हणाले. "आत घ्यायची एकही नाही. काढनं सोपं आहे गा." त्यांच्या लहानपणी, दरेकशाकडच्या त्यांच्या गावात, पंचांनी दोष दिलेला माणूस पंगतीच्या वेळी उंबऱ्याबाहेर ताट घेऊन बसायचा. ज्याला लागलं असेल तो उठून त्याला आत आणायचा, तेव्हाच ते प्रकरण संपायचं. पंचांनी दिलेली शिक्षा भोगून झाली तरी त्याआधी नाही.

मध्यंतरी या सहीचं कानावर आलं आणि मी दरेकशाच्या मुलीला फोन करून ती मागतो म्हणालो, तेव्हा बाबूजी माझ्यावर उखडले होते. "मागायची नाही! मागून घेतली ते सही का झाली? तिले वाटलं तर ती देईन." ते स्वतः पॅसेंजरनं दरेकशाला जाऊन आले, ते फक्त शिक्षा पुरी झाली एवढं सांगायला. तिनं आपणहून रजिस्टर मागून घेतलं आणि सही केली. माझ्या ओळीच्या टोकाला ती होती, निळ्या शाईत, स्वच्छ; त्याखालचं पान बाबूजींच्या तळहाताखाली होतं.

"मग ती परत येते आहे?" मी विचारलं.

"नाही म्हनते. ती दुसऱ्या कोनाचं काम करून राहिली आता."

"मग उपयोग काय झाला?"

"तिनं तुले घेतलं. तिनं यावं असं तर नाही ना लिहून," बाबूजी म्हणाले. मला ते तेव्हा पटलं नाही. ती आली नाही याचं वाईट मात्र अजून वाटतं. तिची दुरुस्ती मी नंतर नीट वाचली. उकिरडा नव्हता तो.

त्या दिवशी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. मला पाटावर बसवलं आणि स्वतः ताट घेऊन दारातल्या पायरीवर बसले. "गुडघ्यानं खाली बसवत नाही," म्हणाले.

पुढच्या दोन वर्षांत त्यांनी बरेच निवाडे केले. फिनलंडवाला आणि केरळवाला एका बटणाच्या रंगावरून महिनाभर एकमेकांना टोचत होते. बाबूजींना इंग्रजी येत नाही. त्यांनी दोघांना एका वेळी फोनवर घेतलं, मला मध्ये बसवलं आणि ज्यानं जे लिहिलं ते त्याला मोठ्यानं वाचायला लावलं. फिनलंडवाला आपलंच चौथं वाक्य वाचताना हसायला लागला, मग केरळवाला हसला, आणि बाबूजी मला विचारत राहिले, "का झालं? हसून काऊन राहिले?" शिक्षा द्यावीच लागली नाही. आता लोक भांडण पेटलं की लिहितात, 'चला, बाबूजींना वाचून दाखवू.' फिनलंडवालासुद्धा 'बाबूजी' लिहितो.

मला त्यांचं एकच कोडं सुटत नव्हतं. पाळीवर मांडी ठोकून बसणारा हा माणूस दरवर्षी गणनेनंतरच्या जेवणाला आपलं ताट घेऊन बाहेर पायरीवर का जातो? विचारलं की गुडघा.

यंदाच्या हिवाळ्यात गणनेच्या सकाळी त्यांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं. "मोतीबिंदू आहे गा. आता माझ्यानं वाचवत नाही. नव्या लोकांले देजो." दुपारी शाळेच्या वर्गात पंगत मांडली जात होती, बाहेर चुलीवर भात व्हायचा होता, आणि मी भिंतीला टेकून पानं चाळत बसलो. माझी ओळ सापडली. तिच्या टोकाची निळी सही. आणि तिच्याच खाली, त्याच तारखेची, आणखी एक ओळ.

कोणाविरुद्ध: स्वतः. काय बोलले: चूप बे, शिकलेल्या गाढवा, तुझ्या बापानं बांधला का हा तलाव. कोणाला लागलं: आणि तिथे माझं नाव. शिक्षा: आठ दिवस फोन बंद, निवाडा करायचा नाही.

शेवटचा रकाना कोरा होता.

मी ती ओळ तीनदा वाचली, मनातच. तक्रार मी केली नव्हती. मला तर बरं वाटलं होतं. आणि मागायची नाही हा नियम त्यांचाच, म्हणून गेली दोन वर्षं हा माणूस तोंडातून शब्द न काढता पायरीवर जेवत होता. मोतीबिंदू खरा आहे, डॉक्टरांचा कागद मी पाहिला आहे. पण रजिस्टर नेमकं त्याच सकाळी, नेमकं माझ्याच हातात का दिलं, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

पंगत बसली होती. बाबूजी ताट घेऊन बाहेर पायरीवर टेकले होते. मी रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर धरलं.

"बाबूजी, मोठ्यानं वाचा."

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "दिसत नाही गा."

"पाठ असेल ना?"

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग पानाकडे न पाहता त्यांनी सुरुवात केली, गेटवरच्या रजिस्टरची नोंद वाचावी तशा आवाजात. तारीख म्हणाले. "कोणाविरुद्ध, स्वतः," म्हणाले. "चूप बे" नीट म्हणाले. "शिकलेल्या" म्हणाले, आणि पुढच्या शब्दापाशी थांबले. भर पाळीवर माझं 'साधा'पाशी झालं होतं तसंच.

"राहू द्या," मी म्हणालो. दोऱ्याचं पेन घेतलं आणि कोऱ्या रकान्यात सही केली. मग त्यांच्या हाताला धरून त्यांना उठवलं, आत आणलं, ओळीत पहिल्या जागी बसवलं. भाताचं पातेलं मी घेतलं आणि पहिलं वाढप त्यांच्या पानात केलं.

"गुडघा?" मी विचारलं.

"बरा आहे आता," ते म्हणाले. मांडी नीट घातली, भातात बोटांनी आळं केलं, आणि वरण कोण घेऊन येतो ते पाहू लागले.